भरडायचं होतं, मी दळलं: प्राचीन ग्रीक बार्लीच्या चार खेपा

आधी शब्दांचं सांगते. बार्लीला मराठीत जव पण म्हणतात आणि सातू पण, पण या लेखात जवस बऱ्याच वेळा येणार आहे आणि जव-जवस गोंधळ नको, म्हणून मी सगळीकडे बार्लीच लिहिलंय. आणि ज्या ग्रीक पदार्थाबद्दल हे सगळं आहे त्याचं नाव सरळ देवनागरीत लिहिलं तर 'माझा' असं होतं आणि वाक्यात भलताच अर्थ निघतो, म्हणून 'मादझा' लिहिते.

मादझा म्हणजे भाजलेल्या बार्लीच्या भरडीचा मळलेला गोळा. भरडीचं ग्रीक नाव आल्फिता. ती पाण्यात मळा, तेलात, दुधात, वाइनमध्ये, मध घालून, कशीही मळा आणि खा. परत चुलीवर ठेवायची गरज नाही, कारण विस्तवाचं काम दाण्यावर आधीच झालेलं असतं. गव्हाचा पाव ही ग्रीसमध्ये बराच काळ त्यामानाने चैनीची गोष्ट होती. अथेन्सच्या आसपासची जमीन उथळ, पाऊस कमी, तिथे गव्हापेक्षा बार्ली जास्त भरवशाची. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन, त्याने असा नियम केला होता म्हणतात की नगरभवनात सरकारी खर्चाने जेवणाऱ्यांना मादझा वाढायची आणि गव्हाचा पाव फक्त सणाच्या दिवशी, ही नोंद आथेनाइओस या नंतरच्या ग्रीक लेखकाने करून ठेवलीये. म्हणजे मानाच्या पंगतीतसुद्धा रोजचं अन्न बार्लीचंच.

मला हे नुसतं वाचून समाधान होईना. हातात घेऊन बघायचं होतं.

ज्या कृतीवरून काम केलं ती एका रोमन माणसाने लिहिलेली आहे. थोरला प्लिनी, जो इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, त्याच्या 'नॅचरल हिस्टरी'च्या १८ व्या खंडात ग्रीक लोक बार्ली कशी तयार करतात ते काही वाक्यांत आलंय. बार्ली पाण्याने भिजवतात, एक रात्र वाळवतात, दुसऱ्या दिवशी भाजतात आणि मग जात्यात घालतात. २० पौंड बार्लीला ३ पौंड जवस, अर्धा पौंड धने आणि एक 'असेटाबुलम' मीठ, हे सगळं आधी भाजून घेऊन जात्यातच मिसळायचं. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा आणि असेटाबुलम हे साधारण ६८ मिलीचं माप. मी ५०० ग्रॅमच्या खेपा करायचं ठरवलं, तर हिशोब असा आला, बार्ली ५०० ग्रॅम, जवस ७५ ग्रॅम, धने साडेबारा ग्रॅम आणि मीठ एक छोटा चमचा सपाट. इतकं सुटसुटीत प्रमाण बघून वाटलं की एका दुपारचं काम आहे. प्रत्यक्षात चार खेपा लागल्या आणि पहिल्या तीन का फसल्या ते नीट लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण तिन्हींची कारणं वेगवेगळी होती.

पहिली खेप पर्ल बार्लीची. हाताशी तीच होती. पर्ल बार्ली म्हणजे टरफल तर काढलेलंच, वर कोंड्याचा थरही घासून काढलेला. भिजवायची पायरी मी गाळली, म्हटलं टरफलच नाही तर भिजवायचं कशाला, मंद आचेवर वीसेक मिनिटं भाजली, रंग छान आला, मग मिक्सरला अगदी बारीक केली. वास सुंदर होता. पण पाणी घालून मळायला घेतलं आणि दोन मिनिटांत हाताला खळ लागल्यासारखं झालं, बोटं सुटेनात, आणि खाल्लं तर टाळूला चिकटून बसणारं आणि मधेच कच्च्या पिठाची चव.

चिकटण्याचं कारण बीटा-ग्लुकन. हा पाण्यात फुगणारा, बुळबुळीत होणारा तंतू बार्लीत भरपूर असतो आणि ओट्समध्ये तो मुख्यतः बाहेरच्या थरात असतो, बार्लीत मात्र दाण्याच्या आतल्या पिठूळ भागातही सगळीकडे असतो. त्यामुळे वरचा थर घासून काढला तरी तो जात नाही, आणि दाणा जितका बारीक दळाल तितका तो पटकन पाणी ओढतो. बरं, गव्हाच्या कणकेत जे लवचिक जाळं तयार होतं तसं बार्लीत होत नाही, कारण त्यासाठी जी प्रथिनांची जोडी लागते ती तशी इथे नाही, म्हणून कितीही मळा, चिकटपणा वाढतो पण ताण येत नाही. (ग्लुटेन मात्र बार्लीत आहेच, सीलिॲकवाल्यांनी, म्हणजे ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी, यातलं काहीही करून खाऊ नये.) आणि कच्ची चव यासाठी की मंद आचेवर दाणा बाहेरून रंगला आणि आत पोचेपर्यंत मी तो उतरवला.

नंतर परत वाचताना लक्षात आलं की प्लिनीने हीसुद्धा पद्धत लिहून ठेवलीये. तो म्हणतो की इटलीत बार्ली न भिजवता भाजतात आणि बारीक पीठ दळतात, त्यात हेच पदार्थ घालतात आणि वर मिलेट पण. म्हणजे मी नकळत ग्रीक सोडून इटालियन रस्त्याला लागले होते. तिथला माणूस त्या पिठाची पातळ पेज किंवा लापशी करत असेल तर त्याला हा चिकटपणा उपयोगाचाच. मला गोळा हवा होता.

दुसऱ्या खेपेला टरफलासकट बार्ली मिळवली. हे फार महत्त्वाचं आहे आणि जुन्या कृती करून बघणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच घसरतात असं मला वाटतं. बहुतेक बार्लीचं टरफल दाण्याला अक्षरशः चिकटलेलं असतं. दाणा भरत असताना त्याच्या पृष्ठभागावर एक स्निग्ध थर तयार होतो आणि टरफल त्याला डकवलं जातं, गव्हासारखं मळणीत झटकून पडत नाही. टरफल आपोआप सुटणारी 'नागडी' बार्लीही असते, तिबेटमध्ये त्साम्पा (भाजलेल्या बार्लीचं पीठ) तिचाच करतात, पण प्लिनीने ज्या पायऱ्या लिहिल्यात त्या बघितल्या की त्या चिकट टरफलाशी झटापट करण्यासाठीच आहेत हे कळतं. पर्ल बार्ली वापरली की ती झटापटच राहत नाही आणि मग भिजवणं-वाळवणं हे सगळं उगाच केल्यासारखं वाटतं. मला तसंच वाटलं होतं.

तर टरफलाची बार्ली आणली आणि रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी टम्म फुगलेले दाणे, ते निथळून कढईत घातले. अर्धा तास नुसती वाफ, दाणे तळाला चिकटायला लागले, मग हळूहळू कोरडे झाले, रंगले, आणि गार झाल्यावर गारगोट्या झाल्या होत्या. मिक्सरने नाही म्हटलं. हातजात्यात घातले तर पाळूच उचलली जात होती.

झालं असं की दाण्यात खूप पाणी आणि त्यात उष्णता, म्हणजे दाणा आतल्या आत शिजला. बार्लीतला स्टार्च साठेक अंशांच्या आसपास फुगून मऊ होतो, आणि असा शिजलेला स्टार्च नंतर कोरडा केला की काचेसारखा घट्ट बसतो. चूक भिजवण्यात नव्हती, वेळेत होती. मूळ वाक्यात पाण्याने भिजवून *वाळवतात एक रात्र* असं आहे. रात्र वाळवण्याची आहे. मी ती पाण्याला दिली. वाक्य अनेकदा वाचलं होतं, पण कडधान्य भिजत घालायची सवय इतकी पक्की की डोळ्यांनी वाचलं वेगळं आणि हाताने केलं वेगळं.

तिसरी खेप. बार्ली भांड्यात घेऊन वरून पाणी ओतलं, हाताने दोनदा खालीवर केली, लगेच निथळली आणि कापडावर पातळ पसरून रात्रभर ठेवली. सकाळी हाताला कोरडी लागत होती पण दाताखाली किंचित मऊ. आता कढई चांगली तापवून एका वेळी दोनच मुठी टाकल्या आणि सतत हलवत राहिले. एक-दोन मिनिटांत तडतड सुरू झाली, काही दाणे फुटून पांढरे दिसायला लागले, सहा-सात मिनिटांत मूठ तयार. गरम दाणे कापडात घेऊन चोळले तर टरफलं कुरकुरीत होऊन निघायला लागली. तो क्षण मला अजून आठवतो, कारण पहिल्यांदाच कृती आणि दाणा दोघं एकाच बाजूला आहेत असं वाटलं. थोडंसं पाणी आत मुरलेलं असतं, ते तापून वाफ होतं, दाणा आतून भाजला जातो आणि थोडा फुलून ठिसूळ होतो, वरचं टरफल मात्र आधीच सुकून कडक झालेलं असतं त्यामुळे दोघांचं जमत नाही आणि ते सुटतं. खेप छोटी ठेवायची कारण जास्त दाणे एकदम टाकले की कढई थंड पडते आणि परत दुसऱ्या खेपेची गत होते. ग्रीक घरात या कामासाठी वेगळं भाजायचं भांडं असायचं, फ्रिगेट्रॉन, आणि नवरीने लग्नाला येताना ते बरोबर आणावं असा सोलोनचाच नियम सांगतात.

एवढं जमलं आणि मग मी ते दळलं, चाळलं, चाळणीखालचं बारीक पीठ ठेवलं आणि वरची भरड टाकून दिली. मळलं तर पहिल्या खेपेपेक्षा चव कितीतरी चांगली, कच्ची अजिबात नाही, पण चिकट तेवढंच. शिवाय घशाला टोचत होतं. बार्लीच्या टरफलात सिलिका असते आणि जात्यात त्याचे बारीक चुरे झाले की ते चाळणीतून सरळ पिठात उतरतात.

इथे मी अडकले होते. जे वाचत होते ते इंग्रजी भाषांतर होतं, त्यात 'ग्राउंड' असा एकच शब्द सगळीकडे. माझी एक मैत्रीण लॅटिन शिकलेली आहे, तिला म्हटलं मूळ ओळी माझ्यासमोर वाच. ती वाचत गेली आणि म्हणाली, "अगं पण ग्रीकांबद्दल लिहिताना तो 'मोलिस फ्रांगुंट' म्हणतोय, म्हणजे जात्याने मोडतात, फोडतात. आणि इटलीबद्दल लिहिताना 'मोलित' म्हणतोय, सूक्ष्म पीठ दळतात. दोन क्रियापदं आहेत."

भरडणे आणि दळणे! आपल्याकडे हे दोन शब्द रोज वापरात आहेत आणि कुणी त्यांची अदलाबदल करणार नाही, पण इंग्रजीतून वाचताना दोन्ही एकाच शब्दात मिसळले होते आणि मला शंकाही आली नाही. पुढे तिने अजून एक वाक्य काढलं, की ज्यांना हे जास्त दिवस टिकवायचंय ते बारीक पीठ आणि कोंड्यासकट नव्या मातीच्या भांड्यांत भरून ठेवतात. टिकवायचं असेल तर पीठ आणि कोंडा *सकट* ठेवतात, म्हणजे एरवी ते दोन्ही काढून टाकत असणार. मग उरतं काय, तर मधली भरड. जी मी टाकून दिली होती. चाळणीखाली पडतं ते घ्यायचं आणि वर राहतं ते टाकायचं ही आपल्या हाताची सवय, आणि इथे बरोबर उलटं करायचं होतं.

टोचणाऱ्या टरफलावरचा उपायही त्याच परिच्छेदात होता. काही लोक बार्ली जास्त कडक भाजतात, मग परत थोडं पाणी शिंपडतात आणि दळण्याआधी वाळवतात. आधी मला हे अनावश्यक वाटलं होतं, भाजून झाल्यावर पाणी कशाला. पण आजच्या गव्हाच्या गिरणीतही दळण्याआधी गव्हाला ओल देतात, कारण ओल मिळालेला कोंडा चिवट होतो आणि त्याचा चुरा न होता मोठ्या पापुद्र्यांनी निघतो. तेच तत्त्व, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कृतीत. (अजून एक पद्धत तो देतो, हिरव्या कणसांतली ताजी बार्ली ओली असतानाच उखळात कांडायची, टोपल्यांत धुवायची, उन्हात वाळवून परत कांडायची. मला ती करून बघायची फार इच्छा आहे पण त्याला शेतच हवं.)

चौथी खेप अशी केली. पाणी ओतून निथळलं, रात्रभर वाळवलं, दोन-दोन मुठी कडक भाजल्या, म्हणजे गडद बदामी रंगापर्यंत, चोळून सुटलेलं टरफल पाखडलं. मग ५०० ग्रॅमला दोन चमचे पाणी शिंपडून हाताने सगळीकडे लावलं आणि तासभर पसरून ठेवलं. हातजात्याला वरून थोडी जास्त मोकळीक दिली म्हणजे दाणा पिसला न जाता फुटेल. जे पडलं ते आधी पाखडलं, टरफलाचे पापुद्रे खरोखर मोठे होते आणि सूप दोन-तीनदा हलवल्यावर पुढे येऊन गेले, मग बारीक चाळणीने पीठ खाली काढलं आणि वर राहिलेली जाडसर रव्यासारखी भरड ठेवली. ५०० ग्रॅममधून भरड ३०० ग्रॅमच्या थोडी वर, बारीक पीठ ९० ग्रॅमच्या आसपास, बाकी टरफल, कोंडा आणि उडून गेलेलं पाणी.

जवसाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं कारण त्यात वेगळाच प्रश्न आहे. जवस आणि धने वेगवेगळे भाजावे लागतात, जवस लगेच तडतडून उडतो आणि धने त्याच वेळात जळतात. जात्यात एकटा जवस टाकला तर तेल सुटून लगदा होतो आणि टाक्यांमध्ये भरतो, पण बार्लीबरोबर मूठ-मूठ टाकला की कोरडी बार्ली ते तेल शोषून घेते आणि जातं चालत राहतं. प्लिनी जात्यातच मिसळायला सांगतो त्याचं व्यावहारिक कारण मला तरी हेच दिसतं. धन्याचा वास भाजलेल्या बार्लीला जो काही उचलतो तो शब्दांत पकडणं अवघड आहे, लिंबाच्या सालीसारखी एक हलकी झाक येते. पण जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक हे स्निग्ध आम्ल असतं आणि दाणा फुटला की ते हवेशी लगेच भिडतं. माझी जवस घातलेली भरड सोळाव्या दिवशी रंगाच्या डब्यासारखी वास मारायला लागली, आणि जवस न घालता वेगळी ठेवलेली भरड महिन्याने उघडली तरी छान होती. म्हणून मी आता बार्ली-धने-मीठ एकत्र ठेवते आणि जवस त्या दिवसापुरता फोडून घालते. हे मूळ कृतीपासून सरळ सरळ हटणं आहे आणि मला ते मान्य आहे. ज्या घरात दर दोन-तीन दिवसांनी जातं फिरत होतं त्या घरात हा प्रश्न आला नसावा असं मला वाटतं.

मळण्याचं प्रमाण शेवटी असं ठरलं, १०० ग्रॅम भरडीला ६५ मिली कोमट पाणी आणि एक चमचा ऑलिव्ह तेल. आधी तेल चोळायचं, मग पाणी थोडं थोडं. सुरुवातीला ते वाळूसारखं सुटं राहतं आणि हमखास वाटतं की अजून पाणी हवं, तेव्हा घालायचं नाही, झाकून पंधरा मिनिटं ठेवायचं. कण पाणी पिऊन फुगतात आणि आता तोच बीटा-ग्लुकन, ज्याने पहिल्या खेपेत हात बांधले होते, कणांना बाहेरून हलकेच धरून ठेवतो. मुठीत दाबलं की गोळा होतो, दाताखाली मऊ पण कणीदार, घशाला काही लागत नाही. मध घालून एक केला आणि किसलेलं शेळीचं चीज घालून एक केला, मला चीजवाला जास्त आवडला. त्यात वाइन घालून ढवळलं तर होमरच्या 'इलियड' महाकाव्यात हेकामिडी ही दासी जे पेय करते त्याच्या जवळ जाल, तिथेही शेवटी वरून पांढरी आल्फिता भुरभुरली जाते. भुरभुरायला भरडच लागते, बारीक पिठाच्या गुठळ्या झाल्या असत्या, हेही मला चौथ्या खेपेनंतरच जाणवलं.

शेवटचा हिशोब. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फाक्टेरिया बेटावर स्पार्टाचे सैनिक कोंडले गेले होते आणि तह चालू असेपर्यंत त्यांना किती अन्न पाठवायचं ते ठरलं होतं, ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडिसने आकडे दिलेत: माणशी दिवसाला दोन खिनिक्स आल्फिता, आधीच मळलेली, दोन कोटिले (हे द्रवाचं छोटं माप) वाइन आणि मांस, नोकरांना याच्या निम्मं. खिनिक्स म्हणजे लिटरहून जरासं जास्त. मी माझी चौथ्या खेपेची भरड मापात ओतून बघितली, अर्ध्या लिटरच्या खुणेला टेकली. रात्रभराचं वाळवणं, सकाळभर कढईसमोर उभं राहून भाजणं, चोळणं, पाखडणं, भरडणं, आणि हातात आला अर्धा खिनिक्स. एका स्पार्टन सैनिकाच्या एका दिवसासाठी मला अशा चार खेपा कराव्या लागल्या असत्या, आणि त्याच्या नोकरासाठी दोन.